दोन स्पंज, एक पट्टा आणि 2 मिलिॲम्पिअर : किनारपट्टीवर टीडीसीएस संचाची पारख

हाताच्या पंजात मावणारी पेटी, एक लाल आणि एक काळी वायर, दोन रबरी पॅड, स्पंजाचे दोन खिसे, डोक्याला बांधायचे दोन पट्टे आणि 9 व्होल्टची एक बॅटरी. मेंदूला बाहेरूनच मंद विद्युतप्रवाह देण्याचा, म्हणजे टीडीसीएसचा, हा साधा संशोधन संच. याच घडणीचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात, म्हणून नावापेक्षा घडणीबद्दल लिहितो. निकाल आधीच सांगून टाकतो. पेटी चांगली आहे. पेटी आणि कातडी यांच्या मध्ये जे जे येतं ते सगळं हलक्या प्रतीचं आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाऱ्या, दमट हवेत तो हलकेपणा लगेच उघडा पडतो. शॅमची, म्हणजे खोट्या प्रवाहाची, सोय दिली आहे. पण ती दिली आहे तशीच वापरली तर प्रयोग वाया जाईल.

ही पारख मानसशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा फिजिओथेरपीच्या ज्या विभागांना नैतिकता समितीची मंजुरी घेऊन निरोगी स्वयंसेवकांवर चाचण्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी आहे. घरी स्वतःच्या डोक्याला लावण्यासाठी हा संच घेऊ नका. अशा घरगुती वापराबद्दल या क्षेत्रातल्या संशोधकांनीच 2016 मध्ये खुलं पत्र लिहून सावध केलं आहे, आणि त्यातली कारणं आजही तशीच लागू आहेत.

पहिली अडचण यंत्राची नसून शब्दाची असते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'डोक्याला करंट' म्हटलं की इथे लोकांच्या मनात 'शॉक'च येतो. मालवणकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "करंट बसतलो काय?" त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. रुग्णालयात भूल देऊन जी ईसीटी, म्हणजे 'शॉक'चा उपचार, करतात, तिच्यात सुमारे 800 ते 900 मिलिॲम्पिअरचे झटके काही सेकंद देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. टीडीसीएसमध्ये 1 ते 2 मिलिॲम्पिअरचा सलग प्रवाह 10 ते 20 मिनिटं सोडतात, माणूस जागा असतो, बोलत असतो, आकडी येत नाही. हा प्रवाह चेतापेशीला पेटवत नाही. ती पेटायला किती सहज तयार होईल, एवढंच किंचित बदलतो. कल्पना जुनी आहे. इटलीच्या जोव्हान्नी आल्दिनीने व्होल्टाच्या बॅटरीचा प्रवाह खिन्नतेच्या रुग्णाच्या डोक्याला लावला त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली. आजची पद्धत मात्र 2000 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी बसवली. 1 मिलिॲम्पिअरचा प्रवाह काही मिनिटं दिल्यावर हाताच्या हालचालीच्या मेंदूभागाची उत्तेजनक्षमता बदलते आणि प्रवाह थांबल्यावरही थोडा वेळ तशीच राहते, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी 13 मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम दीड तासापर्यंत टिकतो, असंही त्यांना दिसलं.

आता पेटी. पेटी माणसाच्या डोक्याला लावण्याआधी रेझिस्टरला लावायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 5 किलोओहमचा रेझिस्टर सहसा मिळत नाही, 4.7 चा मिळतो. एक टक्का अचूकतेचा मेटल फिल्म घ्यावा. तो लाल आणि काळ्या टोकांमध्ये जोडून 2 मिलिॲम्पिअर लावले की मल्टिमीटरवर 9.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. 1 किलोओहमवर 2 व्होल्ट, 10 किलोओहमवर 20 व्होल्ट. विरोध बदलला तरी प्रवाह तेवढाच राहतो, हाच या पेटीचा सगळा गुण. तो इथे खरा उतरतो. 9 व्होल्टच्या बॅटरीतून 20 व्होल्ट मिळवायला आत दाब चढवणारं सर्किट असतं, आणि स्वस्त संचात नेमकं तेच कमकुवत असतं. म्हणून 10 किलोओहमची चाचणी वगळू नये. त्यानंतर एक वायर सोडून द्यावी. पेटीने लगेच ओरडून बंद व्हायला हवं, ही होते. याच वेळी मल्टिमीटरने लाल टोक धन आहे ना हेही बघून घ्यावं. वायरींची अदलाबदल झालेला संच अख्ख्या प्रयोगाचा अर्थ उलटा करून ठेवतो, आणि निकाल हाती येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रवाह चढणं-उतरणंही रेझिस्टरवरच तपासता येतं. 0 पासून 2 मिलिॲम्पिअरपर्यंत 30 सेकंदांत सरळ चढलं पाहिजे, शेवटी तसंच उतरलं पाहिजे. डिजिटल मीटरपेक्षा काट्याचा जुना मीटर इथे जास्त कामाचा, कारण काटा अडखळला तर डोळ्यांना दिसतो. चढण सरळ नसेल तर स्वयंसेवकाला डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं दिसतं. भुवईवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडचा, म्हणजे स्पंजातल्या पॅडचा, प्रवाह डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो, त्याचा हा परिणाम. बॅटरी मध्येच संपली तरी हेच होतं, कारण पेटीला उतरण पूर्ण करायला ताकदच उरत नाही. म्हणून प्रत्येक सत्राआधी बॅटरीचा दाब मोजायचा. जस्त-कार्बनची स्वस्त बॅटरी पावसाळ्यात पेटीतच पाझरते. अल्कलाइनच वापरावी, आणि काम संपलं की ती काढून ठेवावी. काही संचांत आत चार्ज होणारी बॅटरी असते. त्यांचा चार्जर भिंतीत लावलेला असताना इलेक्ट्रोड कोणाच्याही डोक्याला लागता कामा नये. घरातल्या विजेचा आणि डोक्याचा कोणताच धागा जुळू द्यायचा नाही, हा बॅटरीवरच्या यंत्राचा मूळ हेतू आहे. वीज जाण्या-येण्याचा या पेटीवर काहीच परिणाम होत नाही, पावसाळ्यातल्या कोकणात ही फार मोठी सोय आहे.

स्पंजाकडे वळलं की कौतुक संपतं. खिशाचं माप 5 बाय 7 सेंटिमीटर, म्हणजे 35 चौरस सेंटिमीटर. हे प्रचलित माप आहे. 2 मिलिॲम्पिअरला दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण 0.057 मिलिॲम्पिअर येतात, आणि 20 मिनिटांत एकूण 2.4 कुलोंब विद्युतभार जातो. 2016 मध्ये मारोम बिक्सन आणि सहकाऱ्यांनी 33,200 हून जास्त सत्रांचा आढावा घेतला. 40 मिनिटं, 4 मिलिॲम्पिअर आणि 7.2 कुलोंब या मर्यादांच्या आत कुठेही गंभीर दुष्परिणामाची किंवा कायमच्या इजेची नोंद नव्हती. त्या हिशेबाने आपण मर्यादेच्या बरेच आत आहोत. पण हा हिशेब स्पंज सगळीकडे सारखा टेकला आहे असं धरून केलेला असतो. खिशाची शिवण एका कडेला जाड असेल किंवा पट्टा सैल असेल, तर सगळा प्रवाह एका कोपऱ्यातून शिरतो आणि तिथे कातडी भाजते. या संचातल्या खिशांची शिवण नेमकी तशीच जाड आहे. उपाय सोपा आहे: शिवण कातडीकडे न ठेवता वरच्या बाजूला ठेवायची.

पाणी कसलं वापरायचं, यावर पुस्तिकेत 'मिठाचं पाणी' एवढे दोनच शब्द आहेत. ते धोक्याचे आहेत. नळाचं किंवा विहिरीचं पाणी मुळीच नको. नळाच्या पाण्याने भिजवलेल्या स्पंजाखाली कातडीला जखमा झाल्याची नोंद 2008 मध्येच झालेली आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी तर मे महिन्यात मचूळ होतं आणि पावसात गोडं, म्हणजे एकाच विहिरीचं पाणी दोन महिन्यांनी वेगळं वागतं. मेडिकलमध्ये मिळणारी 0.9 टक्के सलाइनची 100 मिलिलिटरची बाटली घ्यावी. 35 चौरस सेंटिमीटरच्या स्पंजाला दर बाजूला सुमारे 6 मिलिलिटर पुरतं, म्हणजे एका स्पंजाला 12 आणि दोन्हींना 24. एका बाटलीत चार सत्रं होतात. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची. मोजायला सुई नसलेली 10 मिलिलिटरची सिरिंज ठेवावी. स्पंज बुडवून पिळण्याची सवय सोडावी, कारण हाताने पिळलेल्या स्पंजात दर वेळी वेगवेगळं पाणी राहतं.

पाणी कमी पडलं तर विरोध चढतो आणि चुरचुरतं. पाणी जास्त झालं तर मात्र काहीच जाणवत नाही, आणि तेच वाईट. सलाइन केसांतून ओघळून दोन स्पंजांना जोडणारा ओला पूल तयार होतो आणि प्रवाह कवटीत न शिरता वरच्यावर कातडीतून पळतो. पेटीच्या पडद्यावर विरोध एकाएकी फार खाली, 1 किलोओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसला, की खूश व्हायचं नाही. थांबवायचं आणि केस टिपून घ्यायचे. एप्रिल-मेमध्ये घामही हाच पूल बांधतो. म्हणून खोलीत पंखा हवा. पण तो थेट डोक्यावर नको, नाहीतर 20 मिनिटांत स्पंजाच्या कडा वाळतात आणि विरोध वर जातो. पंखा भिंतीकडे वळवून ठेवावा आणि दहाव्या मिनिटाला गरज वाटली तर सिरिंजने 2-3 मिलिलिटर सलाइन स्पंजाच्या पाठीवर सोडावं. विरोध 5 किलोओहमच्या खाली असला की निर्धास्त. 10 च्या वर गेला की प्रवाह सुरूच करू नये.

कोकणात विरोध न उतरण्याचं पहिलं कारण खोबरेल तेल. रोज सकाळी डोक्याला तेल चोपडण्याची सवय असलेल्या माणसाच्या टाळूवर सलाइन नुसतं घरंगळतं. आदल्या रात्री शिकेकाईने किंवा शॅम्पूने डोकं धुऊन, दुसऱ्या दिवशी तेल न लावता यायचं, हे बोलावतानाच सांगावं. आल्यावर सांगून उपयोग नसतो. तरीही कुणी तेल लावून आलंच तर स्पिरिटचा बोळा टाळूवर फिरवून पूर्ण वाळू द्यावा आणि मग सलाइन लावावं. घासून कातडी लाल करू नये, कारण सोललेल्या जागी प्रवाह एकवटतो. दाट केसांत कंगव्याच्या दांडीने भांग पाडून सिरिंजने मुळांशी सलाइन सोडायचं, आणि मगच स्पंज टेकवायचा. अंबाडा सोडून केस खाली सैल बांधायला सांगावं. आकडे, पिना, गजऱ्याची तार निघायला हवी. कपाळावरची टिकली काढली तरी तिचा डिंक राहतो. गंध, पावडर, सनस्क्रीनही पुसलं पाहिजे.

आंब्याच्या मोसमात आणखी एक गोष्ट बघावी लागते. बागेत तोडणीला जाणाऱ्यांच्या कपाळावर, गालावर आंब्याचा चीक उतलेला असतो. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या कातडीवर तेलाचे चट्टे असतात. अशा डागावर इलेक्ट्रोड ठेवायचा नाही. इलेक्ट्रोडची जागा थोडी सरकवू नका; त्या माणसाला डाग बरा झाल्यावर बोलवा. जागा सरकवली की प्रवाहाची वाटही बदलते, आणि मग तो माणूस बाकीच्यांबरोबर मोजता येत नाही.

जागा मोजायला फक्त शिंप्याची टेप लागते. भुवयांच्या मधल्या, नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्यामागच्या मधल्या उंचवट्यापर्यंत मोजायचं आणि निम्म्यावर खूण करायची. मग एका कानापुढच्या खळग्यापासून, जो तोंड उघडताना बोटाला जाणवतो, दुसऱ्या कानापुढच्या खळग्यापर्यंत त्या खुणेवरून टेप न्यायची आणि तिथेही निम्मं काढायचं. दोन रेषा मिळतात तो मध्यबिंदू. उजव्या हाताच्या हालचालीचा भाग हवा असेल तर कान-ते-कान अंतराच्या 20 टक्के डावीकडे उतरायचं. अंतर 34 सेंटिमीटर असेल तर 6.8. तिथे लाल पॅडचा मध्य, आणि उजव्या भुवईच्या वर काळा पॅड. संचासोबत एक छापील टोपी येते, तिच्यावर या जागा आधीच ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. ती वापरू नये. डोकी लहान-मोठी असतात आणि टोपी एकाच मापाची आहे.

पट्टा रबरी विणीचा आहे आणि दोन-तीन पावसाळी महिन्यांत ताण सोडतो. त्याऐवजी मेडिकलमधलं 10 सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक क्रेप बँडेज जास्त भरवशाचं. हनुवटीखालून एक फेरा घेतला की मागे सरकत नाही. घट्टपणा एवढाच की पट्ट्याखाली एक बोट सहज जावं.

आता माणसं निवडण्याबद्दल, कारण पुस्तिकेतला प्रश्नांचा तक्ता अपुरा आहे. अपस्मार आहे का, असं विचारून इथे उत्तर मिळत नाही. फिट, आकडी, फेफरं, मिरगी हे चारही शब्द विचारावे लागतात, आणि लहानपणी तापात आकडी आली होती का हेही. डोक्यात धातू, कानातलं रोपण, पेसमेकर, डोक्याचं ऑपरेशन, गरोदरपण, कातडीचा आजार हे नेहमीचे प्रश्न आहेतच. औषधांच्या नावांसाठी चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट आणायला सांगावं: आकडीवरच्या कार्बामाझेपिनने ॲनोडचा, म्हणजे लाल (धन) पॅडचा, परिणाम नाहीसा होतो, नैराश्यावरच्या सिटालोप्रामसारख्या औषधाने तो बदलतो.

तंबाखूचा प्रश्न वेगळा विचारायला हवा. निकोटिनमुळे टीडीसीएसचा परिणाम बदलतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे, म्हणून तक्त्यात 'धूम्रपान करता का' असतं. बायका खरंच 'नाही' म्हणतात. पण मशेरीने दात घासणाऱ्या बाईच्या शरीरात निकोटिन असतंच, आणि मशेरीला ती तंबाखू मानत नाही. 'मशेरी लावता का, आज सकाळी लावली का' असा थेट प्रश्न छापून घ्यावा. चहा, कॉफी किती झाली तेही त्याच ओळीत.

झोपेचं तसंच. रात्रभर दशावतार बघून आलेला, शिमग्यात पालखीबरोबर नाचलेला किंवा गणपतीत भजनाला जागलेला माणूस त्या दिवशी घेऊ नये. जागरणाने मेंदूची उत्तेजनक्षमताच बदललेली असते, आणि आकडीची शक्यताही वाढते. संकष्टीचा किंवा एकादशीचा कडक उपास असलेल्याला दुसरी तारीख द्यावी. टीडीसीएसमध्ये आकडीपेक्षा चक्कर येणंच जास्त संभवतं, आणि रिकाम्या पोटी बसलेल्या माणसाला ती लवकर येते. खुर्ची मागे झुकणारी हवी, पाणी जवळ हवं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा, आणि 108 ची रुग्णवाहिका त्या खोलीपर्यंत कशी पोचेल ते आधीच ठरलेलं हवं. कोणता हात चालतो हे विचारताना 'कोणत्या हाताने लिहिता' एवढं पुरत नाही. शाळेत दटावून उजव्या हाताने लिहायला शिकवलेली डावखुरी माणसं बरीच आहेत. कोयता कोणत्या हातात धरता, नारळ कोणत्या हाताने सोलता, असं विचारा.

मच्छीमार जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरी असतात आणि वेळ देतात. पण तेच महिने स्पंज आणि पट्ट्यांसाठी सर्वांत वाईट. त्या काळासाठी सगळं दुप्पट घेऊन ठेवावं. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला बुडालेल्या दिवसाची भरपाई आणि एसटीचं भाडं द्यावं. त्याहून जास्त पैसे दिले की 'नाही' म्हणणं त्याला अवघड होतं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांनाही जपायला सांगितलं आहे, कारण सरांना नकार देणं त्यांना जमत नाही. स्वतःच्या वर्गातली मुलं घेऊ नयेत. वाचता न येणाऱ्यांच्या संमतीला तटस्थ साक्षीदार लागतो. संचाबरोबर आलेला संमतीचा नमुना इंग्रजी आहे आणि त्यातली वाक्यं लांबलचक आहेत, मराठीत एवढं पुरतं: "तुमच्या डोक्यावर दोन ओले स्पंज बांधून 20 मिनिटं मंद विद्युतप्रवाह सोडला जाईल. सुरुवातीला खाज येईल किंवा मुंग्या येतील. तुम्ही केव्हाही 'बंद करा' म्हणू शकता, कारण सांगावं लागणार नाही." धोक्यांची आणि भरपाईची वाक्यं समिती सांगेल तशी जोडावीत.

शॅमबद्दल जरा सविस्तर, कारण हा दोष सर्वांत गंभीर आहे. शॅममध्ये प्रवाह 30 सेकंदांत चढतो, लगेच उतरतो आणि उरलेली मिनिटं शून्य राहतो. सुरुवातीची खाज दोन्हींत सारखीच येत असल्याने बसलेल्या माणसाला फरक कळू नये, ही कल्पना. खाज खरोखर दोन्हीकडे येते. 2011 मध्ये आंद्रे ब्रुनोनी आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा खऱ्या प्रवाहाच्या गटात 39.3 टक्के आणि शॅमच्या गटात 32.9 टक्के अभ्यासांत खाजेची नोंद होती. डोकेदुखी तर शॅममध्येच किंचित जास्त: खऱ्या प्रवाहात 14.8 टक्के, शॅममध्ये 16.2. पण या पेटीचा पडदा शॅम चालू असताना प्रवाहाचा आकडा 0 दाखवतो. म्हणजे यंत्र चालवणाऱ्याला सगळं कळतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून ते बसलेल्या माणसापर्यंत पोचतं. काही महागड्या संचांत सांकेतिक क्रमांक टाकला की यंत्र स्वतःच खरं की खोटं ठरवतं आणि पडदा दोन्हींत सारखाच दिसतो. इथे ते नाही.

यावर काम चालवता येतं, पण माणसं वाढतात. एकाने बंद पाकिटातला क्रम पाहून पेटीवर खरं किंवा शॅम लावायचं, पडद्यावर अपारदर्शक चिकटपट्टी लावायची, सुरू करून बाहेर जायचं. दुसऱ्याने फक्त विरोध आणि स्पंज बघायचा. म्हणजे चिकटपट्टीत विरोधाच्या आकड्यापुरती खिडकी ठेवावी लागते, आणि शॅममध्ये प्रवाह शून्य असताना पेटी विरोध दाखवते की नाही हे आधी रेझिस्टरवर पाहून घ्यावं लागतं. दाखवत नसेल तर ती खिडकीही पहिल्या मिनिटानंतर झाकायची. तिसऱ्याने चाचणी घ्यायची, आणि त्याने कपाळ पाहायचं नाही. 2 मिलिॲम्पिअरला स्पंजाखाली कातडी लाल होते आणि ती लाली गुपित फोडते; 2012 मध्ये नील ओ'कॉनेल आणि सहकाऱ्यांनी 2 मिलिॲम्पिअरवर खरं की खोटं हे गुपित टिकत नाही हे दाखवून दिलं आहे. बँडेज काढल्यावर कपाळावर रुमाल बांधणं हा साधा उपाय. 1 मिलिॲम्पिअरवर काम भागत असेल तर ते उत्तम. शेवटी प्रत्येकाला विचारायचं: तुम्हाला खरा प्रवाह मिळाला असं वाटतं की खोटा, आणि किती खात्रीने? हा प्रश्न न विचारता केलेला प्रयोग छापायला पाठवू नये. त्याच माणसाला खरा आणि शॅम दोन्ही द्यायचे असतील तर मध्ये किमान 48 तास, शक्य असेल तर आठवडा जाऊ द्यावा.

परिणाम काय दिसेल? खोक्यावर एकाग्रता, स्मरणशक्ती, शिकण्याचा वेग असं बरंच छापलं आहे. तसं लिहिणं चुकीचं आहे. मृतदेहांवरच्या 2018 च्या मोजणीत डोक्यावर दिलेल्या प्रवाहाचा सुमारे 75 टक्के भाग कातडी, मऊ भाग आणि कवटीत अडतो असं आढळलं. जिवंत माणसाच्या मेंदूत आतून मोजलं तेव्हा 2 मिलिॲम्पिअरला विद्युतक्षेत्र दर मीटरला 1 व्होल्टपेक्षाही कमीच भरलं. 2014 मध्ये 53 निरोगी माणसांवर 2 मिलिॲम्पिअरचा प्रयोग झाला, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत परिणाम क्षीण होता किंवा नव्हताच. प्रवाह वाढवला की परिणाम वाढतो, हेही खरं नाही: कॅथोड, म्हणजे काळा (ऋण) पॅड, 1 मिलिॲम्पिअरला उत्तेजनक्षमता कमी करतो, पण 2 मिलिॲम्पिअर 20 मिनिटं दिल्यावर 2013 च्या प्रयोगात ती उलट वाढली. नैराश्यावरच्या 2017 च्या मोठ्या चाचणीत 245 रुग्ण होते. टीडीसीएस हे एस्सिटालोप्रामच्या गोळीइतकं तरी चांगलं आहे, हे तिथे सिद्ध होऊ शकलं नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मनोविकार संस्थेत यावर वर्षानुवर्षं नेटाने काम चालू आहे आणि तिथेही ते मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतं. ज्या विभागाकडे चुंबकीय उत्तेजनाचं यंत्र नाही त्याने मेंदूची उत्तेजनक्षमता मोजल्याचा दावा करू नये. नऊ खुंट्यांची पेग चाचणी, प्रतिक्रियेचा वेळ अशा साध्या मोजण्या घ्याव्यात आणि त्यांच्या मर्यादेतच बोलावं.

साफसफाईवर या संचाचं आयुष्य ठरतं. सत्र झालं की स्पंज लगेच शुद्ध पाण्यात तीन वेळा धुवायचे, नाहीतर मीठ आत वाळतं आणि पुढच्या वेळी किती मिठाचं पाणी आहे ते कळेनासं होतं. सावलीत, पंख्याखाली वाळवायचे. पावसाळ्यात ते दोन दिवसही वाळत नाहीत आणि काळे ठिपके, म्हणजे बुरशी, धरतात. ठिपका दिसलेला स्पंज धुऊन परत वापरायचा नाही. एका माणसाला एक जोडी, नाव नव्हे तर क्रमांक घातलेल्या पिशवीत, हीच पद्धत ठेवावी. रबरी पॅडवर मिठाचे कण राहिले तर बारीक भेगा पडतात. पॅड वाकवून उजेडात पाहावा. भेग दिसली की बाद. वायरीच्या पिनांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, आणि विरोध उगाच वर-खाली उड्या मारू लागतो. लोक तेव्हा स्पंज बदलत बसतात. आधी पिन स्पिरिटने पुसून, रेझिस्टर लावून बघावं. तिथेही आकडा नाचत असेल तर दोष वायरीत आहे. पेटी, वायरी आणि पॅड झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या महिन्याला गरम करून कोरड्या कराव्यात.

घ्यायचाच असेल तर पेटीबरोबर चार जोड्या पॅड, दहा जोड्या स्पंज आणि दोन जास्तीच्या वायरी एकाच मागणीत मागवाव्यात, आणि सुटे भाग वेगळे मिळतील असं विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. सुटे भाग देणार नाही म्हणणाऱ्याचा संच, पेटी कितीही अचूक असली तरी, इथे एका पावसाळ्याच्या पुढे टिकत नाही.